गाडी कोण चालवत होतं?

अपघाताच्या जागी पोचले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. "गाडी कोण चालवत होतं?" एवढं विचारलं की घोळक्यातले बघे दोन पावलं मागे सरकत. हवालदार माझ्याकडे दमल्या नजरेनं बघे, कारण त्यानं तोच प्रश्न माझ्याआधी चार जणांना विचारलेला असे. एवढा साधा प्रश्न, पण त्याचं सरळ उत्तर मला नोकरीत फार कमी वेळा मिळालं.

मी मोटार वाहन निरीक्षक होते. लोकांच्या भाषेत आरटीओवाली बाई. दुचाकीवर आठचा आकडा काढायला लावणारी आणि पाय टेकला की नापास करणारी, एवढीच आमची ख्याती. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एका गृहस्थांनी मला ओळखलं आणि वाढप्याला म्हणाले, "यांना जिलबी वाढू नका, यांनी मला दोनदा नापास केलंय." मी त्यांना म्हटलं, तिसऱ्यांदा आला असतात तर पुन्हा केलं असतं. ते हसले, मी हसले नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

आमचं काम तसं समजायला सोपं आहे. माणूस गाडी चालवायला लायक आहे का ते बघायचं, गाडी रस्त्यावर यायला लायक आहे का ते बघायचं, आणि या दोन्ही गोष्टी बघूनही अपघात झालाच तर गाडी तपासून अहवाल द्यायचा. या तिसऱ्या कामाची बाहेर कुणाला फारशी कल्पना नसते. गाडीखाली शिरून ब्रेकच्या नळ्या बघायच्या, स्टिअरिंग फिरवून बघायचं, टायर चाचपायचे, आणि अपघात यंत्रातल्या बिघाडामुळे झाला की नाही ते लिहून द्यायचं. यंत्रात दोष नाही असं मी लिहिलं की उरला तो चालक. मग पोलीस आणि कोर्ट त्याचं काय करायचं ते करत. आमचा सगळा कायदा या एका माणसावर उभा आहे. लायसन त्याचं, दंड त्याला, तुरुंगही त्यालाच.

शिवऱ्याला हायवेच्या कडेला एका भाजीच्या टेम्पोनं रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला उडवलं होतं. माणूस जागीच गेला. मी पोचले तेव्हा टेम्पोशेजारी एक म्हातारा शेतकरी उभा होता, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "म्या चालवत व्हतो." मी टेम्पोत चढले. सीट पार मागं सरकवलेली होती. म्हाताऱ्याला त्यावर बसायला सांगितलं तर त्याचा पाय क्लचला पोचेना. आरशात त्याला नुसतं आभाळ दिसत असणार. थोडं लांब, बांधावर, एक उंच तरुण डोकं गुडघ्यात घालून बसला होता.

"बाबा, खरं सांगा," मी म्हटलं.

म्हातारा सीटवरून उतरला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून म्हणाला, "बाई, टेम्पो माजा, पोरगा माजा. मंग चालवनारा म्याच न्हाई का?"

मी अहवालात सीट कुठं होती आणि आरसा कसा होता तेवढं लिहिलं. त्या मुलावर खटला झाला, शिक्षाही झाली. झालं ते बरोबरच झालं. पण त्या म्हाताऱ्याचं वाक्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. मेलेल्या माणसाच्या घरचे आले तेव्हा तो खाली उतरला आणि त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला. त्यांनी त्याला मारलं. तो मार खात उभा राहिला.

भोरला आमचा लायसनचा कॅम्प लागायचा. तिथं एकदा वरव्याचा किसन आला. नसरापूर ते वेल्हे जीप चालवायचा बेत होता त्याचा. गाडीवर हात उत्तम, पण तोंडी प्रश्नांत घोळ. मी विचारलं, "अरुंद पूल आहे, समोरून गाडी येतेय. तू काय करशील?" तो म्हणाला, "कोन हाय ते बघीन." मी म्हटलं, कोणी का असेना, नियम काय सांगतो? तो म्हणाला, "न्हाई मॅडम, पर बघाय तर पायजे. बैलगाडी आसंल तर बैल पुलावर मागं सरत न्हाईत. नवरदेवाची गाडी आसंल तर ती कायबी झालं तरी थांबत न्हाई." मी त्याला नापास केलं. पुढच्या खेपेला पुस्तकातलं उत्तर पाठ करून आला आणि पास झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं तो त्या रस्त्यावर जीप चालवत होता आणि त्याच्या जीपचा अहवाल लिहायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "तुम्हाला एका गाडीची परीक्षा घ्यायची आहे. गाडीची म्हणजे, चालकाची." मला कळेना. मग कळलं की पुण्यातल्या एका कंपनीनं आपोआप चालणारी गाडी तयार केली आहे आणि तिला सार्वजनिक रस्त्यावर चाचणीसाठी तात्पुरती परवानगी मिळाली आहे. रस्ता होता नसरापूर ते वेल्हे. आता त्या तालुक्याचं नाव बदललं, पण माझ्या तोंडी वेल्हेच आहे. अटी अशा होत्या की गाडी दिवसाच चालेल, ठरलेल्या रस्त्यावरच चालेल, वेग आवरता असेल, आणि चालकाच्या जागेवर लायसन असलेला माणूस बसलेला असेल. त्यानं काही करायचं नाही. गाडी चुकली तरच ब्रेक मारायचा. कंपनीचं म्हणणं होतं, पुढच्या टप्प्यात हा माणूसही काढू द्या. काढावा की नाही यावर माझं मत हवं होतं, कारण तो रस्ता मला पाठ होता. मत देणारी मी एकटी नव्हते, पण माझ्या नकारावर ते थांबणार होतं.

पहिल्या दिवशी नसरापूरला गाडीपाशी गेले तर चालकाच्या जागेवर किसन. केस पिकलेले, अंगात कंपनीचा निळा शर्ट, दोन्ही हात मांडीवर.

"मॅडम, आता तरी पास करा," तो म्हणाला. "काय बी करायचं नाय आशी नोकरी लागलीय."

गाडी पांढरी, छोटी, टपावर एक गोल डबा फिरणारा. गावांत तिचं नाव टोपीवाली पडलं होतं. किसननं पुढच्या बाजूला लिंबू-मिरची बांधली होती. ती कॅमेऱ्याच्या आड येते म्हणून कंपनीच्या इंजिनिअरनं, अनिकेतनं, स्वतः सोडून मागच्या बाजूला नीट बांधून दिली होती. मला हा मुलगा तिथंच आवडला. तो पुढं किसनच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसे, मी मागे डाव्या हाताला.

खरं सांगायचं तर गाडी चांगली चालवत होती. मी दोष काढायलाच बसले होते आणि मला सापडत नव्हते. शेळी आडवी आली, थांबली. वळणावर म्हशी बसल्या होत्या, थांबली, आणि म्हशी उठेपर्यंत हॉर्न न वाजवता उभी राहिली. एवढा संयम मी एकाही माणसात बघितलेला नाही. ती दारू पीत नव्हती, मोबाईलवर बोलत नव्हती, पेंगत नव्हती, मागच्याला चिडून ओव्हरटेक करत नव्हती. मी आयुष्यभर ज्या चेपलेल्या गाड्यांखाली शिरले, त्या बहुतेक माणसांनीच चेपल्या होत्या. मी काही यंत्राची वैरी नाही. परतताना अनिकेतला म्हटलंसुद्धा, "माझ्या जावयापेक्षा बरी चालवते."

अनिकेतला ही गाडी शहरासाठी नको होती, हे मला त्याच्याशी बोलताना कळलं. त्याचं स्वप्न होतं वाड्यावस्त्यांवरून दवाखान्यात माणसं पोचवणाऱ्या गाड्यांचं. "चालक ठेवायचा तर अशा वस्त्यांवर गाडी पाठवणं कंपनीला परवडणार नाही, मॅडम," तो म्हणाला. "चालक नसेल तर ती दिवसभर फिरू शकेल. एकाच म्हातारीसाठीसुद्धा वर जाईल." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती.

मग तो बाजाराचा दिवस आला. वेल्ह्याच्या अलीकडे एक फाटा आहे, वर डोंगरावर धनगरवस्तीकडे जाणारा. तिथं रस्त्याच्या कडेला, एक पाय डांबरावर टाकून, ठकूबाई उभी होती. तिचं नाव मला नंतर कळलं. साखरेच्या दुखण्यानं तिच्या पायाला जखम झाली होती आणि ती पट्टी बदलायला वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जायची. तिनं हात केला. गाडी थांबली.

आता इथली एक रीत सांगायला हवी. या डोंगरी रस्त्यांवर गाडी माणसापाशी थांबते ती त्याला घ्यायलाच. दुसऱ्या कशाला थांबेल? जीपवाला असो, दुधाचा टेम्पो असो, लग्नाला निघालेली मोटार असो, थांबली म्हणजे चढायचं. कुणी विचारतही नाही. दार उघडायचं, आतल्यांना सरकायला सांगायचं आणि बसायचं. आणि आमची टोपीवाली थांबली होती ती पुढं माणूस आडवं आहे म्हणून.

ठकूबाई लगबगीनं, लंगडत, गाडीच्या डाव्या अंगाला आली. काचेतून मला तिचा चेहरा दिसला. ती हसत होती, गाडी मिळाली म्हणून. तिनं माझ्या दाराची मूठ धरली. मी आतून दार उघडायला हात घातला, आणि गाडी निघाली. पुढचा रस्ता मोकळा झाला होता.

किसननं ब्रेक मारला. तिनं हात केला तेव्हाच त्याचा पाय ब्रेकवर जाऊन बसला होता, त्यामुळे गाडी जेमतेम हलली असेल. पण तेवढ्यात काचेतला तो चेहरा नाहीसा झाला होता. मी अपघात झाल्यावर पोचणारी बाई. अपघात होताना मी त्याआधी कधी बघितला नव्हता. माझा हात दाराच्या कडीवरच राहिला, मला दार उघडता येईना.

किसन खाली उडी मारून तिच्यापाशी बसला होता. "मावशे, चुकलं माजं. लई लागलं का? चुकलं गं माजं."

"आरं किस्ना! थांबलास म्हनून आले न्हवं म्या? थांबून परत पळवतूस? आसं कुठं आस्तंय व्हय?" तिचा गुडघा फुटला होता, पायाची पट्टी सुटून धुळीत पडली होती. पण आवाज खणखणीत होता. तिनं किसनच्या सात पिढ्या काढल्या. तो मान खाली घालून पट्टी झटकत राहिला. गाडी मी चालवत नव्हतो, असं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

त्यानं तिला उचलून माझ्याशेजारी बसवलं आणि गाडी स्वतः हातात घेतली. वाटेत अनिकेतनं घाबऱ्या घाबऱ्या तिला समजावलं की आजी, चूक यांची नाही, गाडी आपोआप चालते. ठकूबाई किसनच्या पाठीला बोट लावून म्हणाली, "मंग तू हितं कशाला बसलाईस?"

"तुज्या शिव्या खायला," किसन म्हणाला.

ती हसली. अनिकेतही हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. त्यानं नंतर मला सगळं उलगडून सांगितलं. गाडीला ठकूबाई दिसत होती. पण बाजूला उभा असलेला माणूस गाडी निघाली की मागे सरकतो, असं ती शिकली होती. शहरात तसंच घडतं. गाडी थांबली म्हणून कुणी चढायला येईल, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवणाऱ्यांनाच ते ठाऊक नव्हतं.

काही महिन्यांत अनिकेतनं ते सुधारलं. दारापाशी हात पोचेल एवढ्या अंतरावर माणूस असेल तर गाडी हलेना. मी स्वतः रस्त्यावर उभी राहून, मूठ धरून, सोडून, पुन्हा धरून बघितली. गाडी तिथल्या तिथं उभी. त्या बाबतीत मला काही बोलायला जागा राहिली नाही. उरला तो मूळ प्रश्न. जागा रिकामी करायची का?

बैठकीच्या आधी मी एकटीच त्या फाट्यावर गेले. ठकूबाई झाडाखाली एसटीची वाट बघत बसली होती. मी तिला विचारलं, आजी, किसन नसलेली गाडी आली तर बसाल का?

"बसंन की."

"पडला होतात ना तुम्ही?"

"पडले ती पडले. रानात काय कमी पडले का म्या?" तिनं पाय माझ्यापुढं केला. पट्टी ओली होती. "बाई, यष्टी कवा येती, कवा न्हाई. हितं बसून बसून पट्टी भिजती. किस्ना आसू दे न्हाईतर नसू दे, मला तितवर न्या. तुमची ती टोपीवाली रोज यील का, तेवडं सांगा."

मी म्हटलं, बघते. सरकारी नोकरीत हा शब्द मी हजारदा वापरला असेन. इतका जड कधी वाटला नव्हता.

बैठकीत मी नाही म्हणाले. माझं म्हणणं असं होतं की दारापाशी माणूस असताना गाडी निघते ही चूक आपल्याला कळली, कारण किसन आत होता. पुढची चूक कोणती असेल ते मला माहीत नाही, कंपनीलाही नाही, आणि ती ज्या माणसावर होईल तो माणूस काही चाचणीला हो म्हणालेला नाही. साहेबांनी विचारलं, "मग तुम्ही हो कधी म्हणाल?" मी म्हटलं, गाडी चुकली की गाडीतून कोण उतरणार, ते लिहून द्या. कंपनीच्या लोकांनी सांगितलं, आमची जबाबदारी आहे, विमा आहे, चोवीस तास फोन लागेल. फोन खाली उतरून माणसाला उचलत नाही, असं मी म्हणाले आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले. अनिकेत समोर बसला होता. तो माझ्याकडे रागानं बघत नव्हता, तेच मला अवघड गेलं.

अट कायम राहिली. कंपनीनं थोडे दिवस गाडी चालवली आणि चालक ठेवून परवडेना म्हणून चाचणी दुसऱ्या राज्यात, एका मोठ्या कारखान्याच्या आवारात नेली. तिथं रस्ते सरळ आणि शेळ्या नाहीत. किसन शाळेची गाडी चालवू लागला. मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या कडक शिस्तीचं कौतुक झालं आणि शाल-श्रीफळ मिळालं.

पावसाळा संपल्यावर किसनचा फोन आला. ठकूबाईचा पाय गुडघ्याखाली काढला होता. पावसात फाट्यापर्यंत येणं जमेना, आली तर एसटी मिळेना, पट्टीचे खाडे पडत गेले आणि जखम वर चढली. किसन सुट्टीच्या दिवशी तिला नेत असे, पण शाळेच्या दिवशी त्याला निघता येत नसे.

यावर मी बराच विचार केला आहे. आजही कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. माझ्या त्या सहीनं कदाचित कुणाचा तरी जीव वाचला असेल. रस्त्याच्या कडेला खेळणारं एखादं पोर असेल, कुणाची तरी म्हातारी असेल. पण तो माणूस मला कधीच भेटणार नाही, कारण त्याला काही झालेलंच नाही. ज्याचं गेलं ते माणूस मात्र डोंगरावर, नावागावासकट, मला माहीत होतं. आमच्या कामात हे असं असतं आणि त्याला इलाज मला सापडलेला नाही.

किसनबरोबर मी वस्तीवर गेले. ठकूबाई दारात पोत्यावर बसली होती, लुगड्याखाली एक पाय. समोर मेंढरांची लोकर वाळत होती. तिनं मला लगेच ओळखलं नाही. किसनला म्हणाली, "ह्या कोन?"

"टोपीवाल्या गाडीतल्या मॅडम," किसन म्हणाला.

तिचा चेहरा उजळला. "व्हय व्हय. मागं बसलेल्या." मग तिनं विचारलं, "ती गाडी परत आलीच न्हाई. लई वाट बघितली म्या फाट्यावर. कुनी बंद केली वो ती?"

किसननं माझ्याकडे बघितलं आणि पटकन म्हणाला, "आगं मावशे, सरकारी काम ते. वरनंच बंद झाली."

वरनं म्हणजे मुंबईपर्यंत कितीतरी टेबलं होती, आणि प्रत्येक टेबलावर एक सही होती. किसननं मला वाट करून दिली होती. मी नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"मी बंद केली, आजी," मी म्हणाले. "मीच."

ती बोलू लागली. आधी हळू, मग मोठ्यानं. माझ्या शिक्षणाला, माझ्या नोकरीला, माझ्या धडधाकट दोन पायांना, कशालाही तिनं सोडलं नाही. वस्तीवरची माणसं गोळा झाली. किसन मध्ये पडायला उठला, मी त्याला हातानं बसवलं. चपला काढून मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिचं संपेपर्यंत ऐकत राहिले.